वळणावरचा उजेड

शिक्षकाच्या आयुष्यात एक दिवस असा उगवतो, की ज्या मुलीला आपण जोडाक्षरे गिरवायला लावली ती समोर बसून आपल्याला काही समजावून सांगू लागते, आणि आपल्याला ते समजत नाही. अशा वेळी मास्तरने काय करावे? मी मान डोलावली. वीस-बावीस वर्षे मुले वर्गात माझ्यापुढे जशी मान डोलावीत आली आहेत, अगदी तशीच. तिने ते तत्काळ ओळखले.

"सर, कळलं नाही ना? पुन्हा सांगते."

हे वाक्यही माझेच होते!

माझे शिक्षण विचाराल तर मॅट्रिक. आता त्याला दहावी म्हणतात. पण निकालाच्या दिवशी 'पोरगा मॅट्रिक झाला' असे सांगत वडिलांनी इंदुरातल्या सगळ्या आप्तांकडे पेढे पोचवले, तेव्हापासून मी मॅट्रिकच आहे. पुढे शिकणे झाले नाही. एका छोट्या खाजगी शाळेत आधी ग्रंथालयाच्या किल्ल्या हाती आल्या आणि मग मराठीचा वर्ग. फावल्या वेळात तीन कादंबऱ्या लिहिल्या. त्यांतल्या दोन छापल्या गेल्या आणि एक वाचलीही गेली. विज्ञानाशी माझा संबंध एवढाच, की त्या विषयाचे शिक्षक रजेवर गेले की त्यांच्या तासाला मुलांना गप्प बसवण्याचे काम माझ्याकडे येते.

ही मुलगी आठवीत माझ्या वर्गात होती. तिचा निबंध मी साऱ्या वर्गाला वाचून दाखवला होता आणि 'तू लेखिका होणार' असे भविष्य वर्तवले होते. ती पुण्याला गेली आणि प्रथिनांवर संशोधन करू लागली. माझी भविष्ये साधारणपणे अशीच खरी ठरतात. गेल्या वर्षी कोजागिरीच्या आधी तिचा फोन आला.

"सर, इंदूरला येतेय. तीन रात्रींचं काम आहे. तुमच्याकडे उतरले तर चालेल?"

"अगं, घर तुझंच आहे. कुणाचं लग्नबिग्न आहे का?"

"नाही सर," ती हसली. "उजेड घ्यायला येतेय."

इंदूर म्हटले की लोकांना राजवाडा आठवतो, सराफ्यातली रात्रीची खाण्याची दुकाने आठवतात, सकाळचे पोहे आणि जिलेबी आठवते. शहराबाहेर सुखनिवासच्या बाजूला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे, त्याची पायाभरणी १९८४ साली झाली, हे मला इंदूरकर म्हणून ठाऊक होते. पण आत काय चालते, असे कोणी विचारले असते तर मी 'अणूचे काहीतरी' असे सांगून सुटका करून घेतली असती. आपल्याच गावात जिच्यासाठी लोक दुरून येतात अशी एक वस्तू आहे, आणि आपण तिच्यावरून शेकडो वेळा सायकल हाणत गेलो आहोत, याची मला जरा लाजच वाटली.

ती आली ती एका सहकाऱ्याबरोबर, मोटारीतून. मागच्या आसनावर गवळ्याच्या कॅनसारखे एक भांडे पट्ट्याने बांधून ठेवलेले होते. त्यात तिची अडीच वर्षे होती. म्हणजे, तिने वाढवलेले स्फटिक होते. सुतासारख्या बारीक फाशांत एकेक पकडलेले, आणि द्रवरूप नायट्रोजनच्या थंडीत गोठवलेले. ते भांडे केंद्रात पोचते करून ती संध्याकाळी घरी आली, आणि चहा घेता घेता तिने मला जे समजावून सांगितले तेच मला प्रथम कळले नाही.

दुसऱ्यांदा सांगताना तिने खडीसाखरेपासून सुरुवात केली. साखरेच्या दाट पाकात दोरा सोडला की त्यावर खडे धरतात. कारण साखरेचे कण शाळेतल्या कवायतीसारखे ओळीने उभे राहायला तयार असतात. प्रथिने मात्र आडमुठी. आपल्या शरीरातले जवळजवळ प्रत्येक काम ती करतात. पण त्यांना रांगेत उभे करणे महाकठीण. थेंबभर पाण्यात प्रथिन घ्यायचे, क्षार बदलायचा, आंबटपणा बदलायचा, ऊन-थंड बदलायचे आणि वाट पाहायची. असे शेकडो थेंब. बहुतेकांत गढूळ साका बसतो. एखाद्या थेंबात कधीतरी मिठाच्या कणाहूनही लहान असा लखलखीत खडा दिसतो. तिचे प्रथिन क्षयाच्या जंतूतले होते. त्याचा आकार कळला तर त्याच्या खाचेत अचूक बसेल असे औषध शोधायला वाट मिळेल, एवढी तिची आशा.

"पण आकार पाहायचा कशानं? साध्या उजेडाच्या लाटा फार रुंद, सर. हत्तीच्या पावलानं मुंगीचं बीळ चाचपायचं तसं ते. अणूंमधलं अंतर साधारण मिलिमीटरच्या एक कोटीव्या भागाएवढं. तितक्याच बारीक लाटा हव्यात. म्हणजे क्ष-किरण, आणि तेही प्रखर."

"आणि ते आमच्या सुखनिवासला मिळतात?"

"वळणावर मिळतात," ती म्हणाली.

मग तिने कोपऱ्यातली छत्री उचलली. ओली छत्री गरगर फिरवली की कडेने थेंब उडतात, तसेच इलेक्ट्रॉनचे आहे. तो प्रकाशाच्या जवळजवळ वेगाने सरळ धावत असला तर मुकाट धावतो. पण चुंबकाने त्याला वळवले, की वळता वळता त्याच्यातली काही शक्ती उजेड होऊन समोर फेकली जाते. इथली मोठी कडी, 'इंडस-२', १७२ मीटर घेराची आहे. तिच्यात प्रथम इलेक्ट्रॉन फिरले ते २००५ साली. दोन लहान यंत्रांतून वेग घेत घेत ते कडीत शिरतात, तिथे अडीच अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट इतक्या शक्तीला पोचतात आणि सेकंदाला सतरा लाखांहून अधिक फेऱ्या मारतात. वळवणारी मोठी चुंबके सोळा. त्या वळणांवरून उजेडाच्या वाटा बाहेर काढल्या आहेत. त्यांना तिथे बीमलाइन म्हणतात. त्यांतली २१ क्रमांकाची वाट भाभा अणुसंशोधन केंद्राने प्रथिनांच्या स्फटिकांसाठीच उभारलेली आहे.

गंमत अशी, की हा उजेड पूर्वी कोणालाच नको होता. १९४७ साली अमेरिकेत स्केनेक्टडी येथे जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत तो यंत्रामध्ये प्रथम डोळ्यांना दिसला. कणांचा वेग वाढवू पाहणाऱ्यांच्या हिशेबी तो तोटाच होता. कमावलेली शक्ती वळणावर सांडत होती! पुढे काही चतुर लोक घाण्याशेजारी पेंड मागायला उभे राहावे तसे त्या यंत्रांशेजारी जाऊन उभे राहिले. १९७०च्या दशकात स्टॅनफर्डला प्रथिनांचे स्फटिक त्या सांडलेल्या उजेडात धरले गेले. आज जगात ठिकठिकाणी खास तो उजेड सांडावा म्हणूनच कड्या बांधतात. आमच्या गावची तशीच.

वळण या शब्दावर मी घोटाळलो. मी वळणाचा मास्तर. अक्षराला वळण लावायचे, मुलांना वळण लावायचे, यातच माझा जन्म चालला आहे. पण वळवताना काही सांडते, याचा विचार मी कधी केला नव्हता. आणि त्या आठवड्यात तर तो विचार मला नकोच होता. कारण घरात एक वळण असे आले होते, की बाप आणि लेक एकमेकांशी बोलत नव्हते.

आमच्या मुलीला आठव्या वर्षी मधुमेह झाला. लहान मुलांना होतो तो. ज्यात शरीर इन्सुलिन करायचेच थांबते. सारखी तहान, रोडावलेले अंग. आधी एका वैद्याने 'जंत असतील' म्हटले, आणि मग एका पहाटे तिला बेशुद्धीत दवाखान्यात न्यावे लागले. तेव्हापासून दिवसातून चार वेळा सुई. चार वर्षे तिने ते निमूट सोसले. आमच्या सौभाग्यवतीने घरातली साखरच हद्दपार केली. कोजागिरीचे दूध बिनसाखरेचे, दिवाळीची करंजी बिनसाखरेची. 'लेकीला नाही ते आम्हांला नको,' असा तिचा बाणा. आम्हांला वाटे, केवढा हा त्याग!

आणि त्या आठवड्यात मला कळले, की शाळेत दुपारच्या जेवणाआधीचे इंजेक्शन लेक कित्येक दिवस घेतच नव्हती. पेन दप्तरात तसेच परत येत होते. मी घाबरलो, आणि घाबरलेला बाप जे करतो तेच मी केले. ओरडलो. ती रडली नाही. एवढेच म्हणाली, "सगळ्यांसमोर पोटात सुई खुपसायची मला लाज वाटते. आणि हे कधी संपणार, बाबा?"

याला मला उत्तर नव्हते. कादंबरीत मी अशा ठिकाणी प्रकरण संपवतो. घरात प्रकरण संपवता येत नाही. दुसऱ्या दिवसापासून दुपारी मीच तिच्या वर्गाबाहेर जाऊन उभा राहू लागलो. ती सुई घेई, पण माझ्याकडे न पाहता.

कोजागिरीच्या रात्री आम्ही गच्चीवर बसलो होतो. पाहुणीची पाळी मध्यरात्री सुरू होणार होती. आदल्या दोन रात्रींत वीसेक स्फटिक कामी आले होते, आणि एकही धड निघाला नव्हता. लेक तिच्याजवळ सरकली.

"ताई, आजही नाही जमलं तर?"

"तर पुण्याला जाऊन पुन्हा थेंब लावायचे."

"आणखी अडीच वर्षं?"

"लागली तर लागली." मग ती थांबली आणि तिने विचारले, "तू रोज जे टोचून घेतेस ना, त्याचा आकार शोधायला किती वर्षं लागली, सांगू? चौतीस."

इंग्लंडमध्ये डोरोथी हॉजकिन नावाची एक बाई होती. ऑक्सफर्डला १९३५ साली तिने इन्सुलिनच्या स्फटिकाचे पहिले क्ष-किरण छायाचित्र घेतले, तेव्हा तिचे वय चोवीस. त्या रात्री आनंदाने तिला झोप येईना, आणि ती गावातल्या रस्त्यांतून भटकत राहिली. पण त्या ठिपक्यांतून आकार उलगडायला १९६९ साल उजाडले. मधल्या काळात तिने पेनिसिलिनचा आकार शोधला, जीवनसत्त्व बी-१२चा शोधला, १९६४ साली नोबेल पारितोषिक घेतले. तरुणपणीच जडलेल्या संधिवाताने तिच्या हातांची बोटे वाकडी झाली. पण इन्सुलिन तिने सोडले नाही. अखेरीस ज्या तरुणांनी तिच्याबरोबर ते काम तडीस नेले त्यांत आपले एम. विजयनही होते. पुढे बेंगळूरुला त्यांनीच या विद्येचा आपल्या देशात पाया घातला.

"तेव्हा असा वळणावरचा उजेड नव्हता," पाहुणी म्हणाली. "आता त्या उजेडात किती सोपं झालंय! २०१३ साली मेलबर्नच्या लोकांनी तिथल्या सिंक्रोट्रॉनवर हेही पाहिलं, की इन्सुलिन पेशीच्या दाराला नेमकं कुठं जाऊन चिकटतं. आणि २०२० साली साथ आली, तेव्हा विषाणूच्या एका मुख्य प्रथिनाचा आकार शांघायच्या लोकांनी फेब्रुवारीतच जगापुढं ठेवला. फुकट. कुणीही बघावा."

"मलाही दिसेल?"

"तुझ्या बाबांच्या फोनवर दिसेल."

खरोखरच दिसला. अशा आकृत्यांचे एक भांडार आहे. १९७१ साली ते सुरू झाले तेव्हा त्यात सात आकृत्या होत्या. २०२३ साली त्यांची संख्या दोन लाखांवर गेली. त्यातून तिने इन्सुलिन काढून दाखवले. दोन सर, एक एकवीस मण्यांचा, दुसरा तीस मण्यांचा, एकमेकांत अडकलेले.

"तू जेवायच्या जरासं आधी घेतेस ते कुठलं?" तिने पेनवरचे नाव वाचले. "अगं, हे तर लिस्प्रो! पूर्वीचं साधं इन्सुलिन अर्धा तास आधी टोचून भुकेलं बसावं लागे. कारण त्याचे सहा-सहा रेणू गठ्ठा करून बसतात आणि हळूहळू सुटतात. मग शास्त्रज्ञांनी मोठ्या सरातला अठ्ठाविसावा आणि एकोणतिसावा मणी यांची अदलाबदल केली. बस्, एवढंच. गठ्ठा चटकन सुटतो. १९९६ साली ते अमेरिकेत बाजारात यायला परवानगी मिळाली. आकार ठाऊक होता म्हणून कुठले मणी हलवायचे ते सुचलं."

लेक बराच वेळ त्या दोन मण्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी अर्धा तास उपाशी बसू नये म्हणून कुणीतरी हे केलं?"

"हो. ते तुला ओळखतही नव्हते."

खालून आमची सौभाग्यवती दुधाचे पेले घेऊन आली. केशर, चारोळी, जायफळ, सारे होते, साखर नव्हती. लेकीने एक घोट घेतला आणि एकदम म्हणाली, "आई, ताईला साखर दे ना. आणि तूही घे. माझ्यामुळे सगळे अळणी दूध पितात, ते मला आवडत नाही. मला वाटतं, मी घरात काहीतरी गुन्हा केलाय."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. ज्याला चार वर्षे त्याग म्हणत होतो, तो त्या पोरीच्या डोक्यावर ओझे होऊन बसला होता! डॉक्टरांनी तिला हिशेब शिकवलेला होता: किती खाल्ले तर किती इन्सुलिन. गोडाचेही गणित त्यात बसत होते. बसत नव्हते ते फक्त आमच्या भीतीत. शेजारून वाटीभर साखर मागून आणली. लेकीने आपल्या पेल्यात मोजून एक चमचा घातला, मनाशी आकडा केला, पेन फिरवले, आणि चांदण्यात, आम्हां सगळ्यांदेखत, शांतपणे सुई घेतली. कोणीही काही बोलले नाही. मीही नाही, आणि मास्तर असून न बोलणे हे मला त्या रात्री पहिल्यांदा साधले.

मध्यरात्रीच्या सुमाराला पाहुणी गेली. कोजागिरीला लक्ष्मी 'कोण जागे आहे?' असे विचारीत हिंडते म्हणतात. मी गच्चीवरच पडून होतो आणि त्या जागणाऱ्यांचा विचार करीत होतो. पाहुणीने सांगितले होते: कडीतले इलेक्ट्रॉन हळूहळू विरळ होत जातात, उजेड मंदावतो, आणि ठरल्या वेळी कडी पुन्हा भरावी लागते, समईत तेल घालावे तशी. त्यासाठी नियंत्रणकक्षात पाळीपाळीने माणसे बसलेली असतात. ज्या खोलीत स्फटिक ठेवायचा तिचे दार लावण्याआधी आत कोणी राहिले नाही ना, हे फिरून पाहावे लागते. मग दार बंद, आणि स्फटिकावर उणे १७३ अंशांचा थंडगार झोत. तो सारा लखलखाट डोळ्यांना दिसत नाही. गावातला सर्वांत प्रखर दिवा, आणि त्याचा कवडसाही रस्त्यावर पडत नाही! तो तेवत ठेवणाऱ्यांना त्या रात्री कोणाचा स्फटिक कामी आला, हेही बहुधा ठाऊक नसेल.

पहाटे पाहुणी परतली. डोळे तांबारलेले.

"एक लागला, सर. एकतिसावा."

तिने संगणक उघडला. करड्या पडद्यावर काळे ठिपके. शेकडो, गोल गोल रांगांनी, कडेपर्यंत पोचलेले. लेक डोळे चोळत आली आणि म्हणाली, "ही तर ठिपक्यांची रांगोळी!"

"उलटी रांगोळी," पाहुणी म्हणाली. "काकू आधी ठिपके काढतात आणि मग रेषा जोडून फूल करतात. इथं फूल आधीच आहे. ते दिसत नाही. त्याचे नुसते ठिपके पडलेत. त्यांवरून फूल ओळखायचं. अजून पुष्कळ महिने लागतील."

"चौतीस वर्षं नाही ना?"

"नाही गं. आता उजेड चांगला आहे."

त्या दिवाळीत आमच्या अंगणात नेहमीची कमळे नव्हती. लेकीने दोन सर काढले, एकवीस ठिपक्यांचा आणि तीस ठिपक्यांचा, मध्ये मध्ये जोडलेले. आणि मोठ्या सरातल्या अखेरच्या टोकाजवळचे दोन ठिपके केशरी. येणारे-जाणारे विचारीत, 'हे काय काढलंय?' ती सांगे, 'माझं औषध.' फराळाच्या ताटात करंजी होती, साखरेची. तिने एक घेतली, मोजून.

शाळेत मी आता वर्गाबाहेर उभा राहत नाही. ती रोज दुपारी सुई घेते असा माझा विश्वास आहे. एखाद्या दिवशी चुकते. मग ती आपण होऊन सांगते. कधी भांडते, कधी दार आपटते. तिच्या आयुष्याला हे वळण कोणी विचारून दिलेले नाही. ते घेताना ती थोडी सांडणारच. पूर्वी मी ते सांडलेले पुसायला धावत असे. आता जरा थांबून पाहतो.

यंदाच्या अंकासाठी हे लिहायला बसलो तेव्हाच पाहुणीचा पुण्याहून निरोप आला. आकार उलगडला आहे. दोन जागा अजून धूसर आहेत, पण खाच स्वच्छ दिसते. मी तो निरोप लेकीला वाचून दाखवला. ती अंगणात ठिपके टाकीत होती. मान वर न करता म्हणाली,

"बाबा, ताईला विचारा, तिच्या सरात मणी किती?"